करारातला यंत्र-लवाद: सही करण्यापूर्वी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. भोसरीच्या एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. शीट मेटलचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प आम्ही बरीच वर्षे चाकणच्या एका कंपनीला पुरवतो. यंदा कंपनीने नवा पुरवठा करार पाठवला आहे. त्यातील एका कलमानुसार पंचवीस लाखांपर्यंतचे 'सर्व विद्यमान व भावी वाद' कंपनी निवडेल त्या ऑनलाइन मंचावरील कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा लवाद (न्यायालयाबाहेर वाद ठरवणारा पंच) केवळ कागदपत्रांवरून पंधरा दिवसांत ठरवील, निवाड्याला कारणे देण्याची गरज नसेल आणि तो अंतिम राहील. गेल्या पावसाळ्यातल्या मालाला गंज आला असे सांगून कंपनीने आमच्या नावे चार लाख साठ हजारांची डेबिट नोट, म्हणजे आमच्या येण्यातून तेवढी रक्कम वळती करण्याची नोंद, काढली आहे. ती मला मान्य नाही. मुलगा म्हणतो, यंत्राला ओळखीपाळखी नसतात, ते पैसे खात नाही आणि तारखाही देत नाही, तेव्हा सही करा. थोरले बंधू म्हणतात, सही केली नाही तर ऑर्डर जाईल. मी काय करावे?
— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातले दोघेही सही करा असेच सांगत आहेत, फक्त त्यांची कारणे वेगळी आहेत. माझा सल्ला असा की करार नाकारू नका, पण हे कलम आहे त्या शब्दांत स्वीकारूही नका. कलमात यंत्र आहे याची मला फारशी धास्ती वाटत नाही. मंच कंपनीने निवडायचा, कारणे द्यायची नाहीत आणि निवाड्याखाली कोणाची सही असेल ते सांगायचे नाही, या तीन गोष्टी एकाच कलमात आल्या आहेत, आणि धोका त्यांच्या एकत्र येण्यात आहे.

आधी आपल्या चिरंजीवांचे म्हणणे घेऊ, कारण ते पोरकट नाही. लवाद ही छोट्या कारखानदाराला परवडणारी वाट राहिलेली नाही, ही तक्रार मी रोज ऐकतो. लवादविषयक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शुल्काचा जो नमुना दिला आहे, त्यात पाच लाखांपर्यंतच्या वादासाठी ४५,००० रुपये धरले आहेत आणि लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के. म्हणजे आपल्या चार लाख साठ हजारांच्या वादात वकिलाचा खर्च धरण्यापूर्वीच ५६,२५० रुपये, वादाच्या रकमेचा जवळजवळ आठवा हिस्सा, लवादाच्या शुल्कात जातील. शिवाय लेखी कैफियती पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांची मुदत, दोन्ही पक्षांच्या संमतीने आणखी सहा महिने, आणि मध्ये येणाऱ्या तारखा. या पार्श्वभूमीवर 'पंधरा दिवसांत निकाल' हे शब्द कोणालाही मोहात पाडतील. कागदपत्रे कालक्रमाने लावणे, चलनांची बेरीज बिलांशी जुळवणे, व्याजाचा हिशेब करणे ही कामे यंत्र दमलेल्या माणसापेक्षा लवकर करते, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र आपला देशी कायदा लवादाकडे कोण म्हणून पाहतो ते लक्षात घ्या. लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ मध्ये 'लवाद माणूसच असावा' असे एका वाक्यात लिहिलेले नाही. फ्रान्सच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ते स्पष्ट आहे. तिथे देशांतर्गत लवादाचे काम आपले सर्व हक्क वापरू शकणाऱ्या नैसर्गिक व्यक्तीलाच करता येते. आपल्याकडे तोच अर्थ वेगवेगळ्या कलमांतून निघतो. कलम ११ सांगते की कोणत्याही राष्ट्रीयत्वाची व्यक्ती लवाद होऊ शकते. कलम १२ नुसार नेमणुकीपूर्वी लवादाने आपले पक्षकारांशी असलेले संबंध आणि निःपक्षपातीपणाविषयी रास्त शंका येईल अशी प्रत्येक गोष्ट लेखी उघड करायची असते. कलम १८ दोन्ही पक्षांना समान वागणूक आणि बाजू मांडण्याची पूर्ण संधी देते. कलम ३१ म्हणते की निवाडा लेखी असावा आणि त्यावर लवादाची स्वाक्षरी असावी. ज्याला राष्ट्रीयत्व नाही, जे स्वतःविषयी काही उघड करू शकत नाही आणि ज्याच्या सहीला कायद्यात स्थान नाही, त्याला या कलमांमध्ये बसवायचे म्हटले तर प्रत्येक ठिकाणी ओढाताण करावी लागते.

ही ओढाताण कोणाला महाग पडेल? पुष्कळांना वाटते, हरणाऱ्याला. माझ्या मते ती जिंकणाऱ्याला आधी भोवेल. समजा उद्या यंत्राने आपल्या बाजूने निवाडा दिला आणि आपण कलम ३६ खाली तो हुकूमनाम्यासारखा बजावून घ्यायला निघालात. कंपनी लगेच कलम ३४ खाली अर्ज करून म्हणेल की हा कागद कायद्याच्या अर्थाने निवाडाच नाही, कारण त्यावर कोणा लवादाची सही नाही, आणि आपण वर्षभर त्याच प्राथमिक मुद्द्यावर भांडत राहाल. करारातले कलम स्वतः कंपनीनेच घातले होते, हे उत्तर आपल्याकडे असेल, पण तेवढ्याने अर्ज लगेच निकाली निघणार नाही. उलट आपण हरलात तर आपल्यालाही तीच वाट धरावी लागेल, आणि ती अरुंद आहे: निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, पुरेसे कारण असल्यास वरचे तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. देशांतर्गत लवादात निवाड्याच्या तोंडावर दिसणारा उघड बेकायदेशीरपणा दाखवता येतो, परंतु कारणेच न दिलेल्या निवाड्याच्या तोंडावर काय दिसणार?

म्हणूनच 'कारणे देण्याची गरज नसेल' हे शब्द मला या कलमातले सर्वांत घातक शब्द वाटतात. दुर्दैवाने ते बेकायदेशीर नाहीत, कारण पक्षकारांनी आपसात तसे ठरवले असेल तर लवादाने कारणे दिली नाहीत तरी चालते, असे कलम ३१ मध्येच म्हटले आहे. कारणे लिहिण्याचे मोल किती असते, याचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेले संदर्भ तपासल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले. तो आदेश सकारण होता, म्हणून त्यातले खोटे निवाडे कोणाला तरी शोधता आले. नुसती रक्कम लिहिलेला आदेश असता, तर तपासायला काही उरलेच नसते. त्यात आणखी एक गोम आहे. भाषेवर चालणारी ही यंत्रे मागितल्यावर सुबक कारणे लिहून देतात, पण त्या कारणांवरूनच यंत्र निष्कर्षापर्यंत पोहोचले असेल याची खात्री नसते, आणि तीच फाइल दोनदा दिली तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात. कारणे लिहिलेली असावीत, आणि ती आपली म्हणून सांगणारा कोणी असावा, अशा दोन्ही अटी त्यामुळे घालाव्या लागतात.

आता मंच कोणी निवडायचा ते पाहू. यंत्राला नातेवाईक नसतात हे खरे, पण त्याला मालक असतो, आणि त्या मालकाला पैसे कोण देते हा प्रश्न चिरंजीवांनी विचारलेला दिसत नाही. ज्या मंचाला कंपनीकडून वर्षाचे कंत्राट मिळते आणि तिच्या शेकडो पुरवठादारांचे वाद येतात, तो मंच आपल्या दृष्टीने परका राहत नाही. निकालात स्वतःचे हितसंबंध असलेल्या व्यक्तीने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लवादाच्या नेमणुकीतही पक्षकारांची समानता पाळली गेली पाहिजे, हे तत्त्व अधोरेखित केले. माणूस निवडण्याचा जो अधिकार कंपनीला एकटीला नाही, तो यंत्र निवडण्याच्या रूपाने तिला का मिळावा? आपल्या गेजचे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नसेल तर कंपनीचा इन्स्पेक्टर त्या गेजवरचे माप मान्य करीत नाही. इथे मात्र माप घेणारे साधन कोणी बनवले, कशावर शिकवले, कोणी तपासले, यातले काहीही न दाखवता त्याचे माप अंतिम माना, असे तीच कंपनी आपल्याला सांगते आहे. आपल्याकडच्या जुन्या पंचायतींपुढे जातानाही पंचांचा निर्णय मान्य करू अशी लेखी कबुली दोन्ही पक्षांकडून घेतली जाई, पण ते पंच कोण आहेत हे दोघांना ठाऊक असे.

'केवळ कागदपत्रांवरून' या शब्दांवर आपल्या डेबिट नोटच्या संदर्भात विचार करा. पावसाळ्यात प्लेटिंग केलेल्या मालाला गंज येतो तेव्हा तो आपल्याकडून निघतानाच आला होता, टेम्पोत आला, की कंपनीच्या शेडमध्ये पॅकिंग फोडून ठेवल्यावर आला, हा सगळा वाद असतो. कंपनीची बाजू तिच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट टाइप केलेली असणार: रिजेक्शनचा क्रमांक, तारीख, फोटो. आपली बाजू कशात असते? गेटवर इनवर्डचा शिक्का मारलेल्या चलनाच्या कार्बन प्रतीत, तिच्या मागे सुपरवायझरने पेनाने मराठीत लिहिलेल्या 'खोके ओले आले नाहीत' अशा एखाद्या शेऱ्यात, आणि 'या लॉटला थोडे डेव्हिएशन चालेल, पाठवून द्या' असे सांगणाऱ्या व्हॉट्सअॅपवरच्या आवाजी निरोपात. पुसट कार्बन प्रतीवरचा हस्ताक्षरातला १ यंत्राने ९ वाचला तर हरकत कोण घेणार, कोणासमोर? आणि तो सुपरवायझर समोर आला, त्याला चार प्रश्न विचारले गेले, तर जे बाहेर येईल ते कुठल्याच फाइलमध्ये नसते. माणूस लवाद असला की तो सगळे ओळखतो असा माझा दावा नाही. कंटाळलेले, फाइल न वाचता आलेले लवादही असतात. पण त्यांना 'साहेब, चलनाची मागची बाजू पाहा' असे म्हणता येते.

बाहेर काय चालले आहे, तेही कंपनीशी बोलताना हाताशी असावे, कारण 'जगभर हेच होत आहे' असे आपल्याला सांगितले जाईल. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशनने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा लवाद सुरू केला हे खरे आहे. परंतु सुरू झाला तेव्हा तो बांधकाम क्षेत्रातल्या, केवळ कागदपत्रांवर चालणाऱ्या वादांपुरता होता, आणि यंत्राने तयार केलेला मसुदा माणूस असलेला लवाद तपासतो, हवा तर बदलतो आणि मगच निवाडा निघतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने न्यायदान आणि पर्यायी वादनिवारण यांत वापरायच्या अशा प्रणालींना उच्च जोखमीच्या वर्गात घातले आहे. आपल्या केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून, निष्कर्ष, आदेश किंवा निकाल यांपर्यंत पोहोचण्यासाठी ही साधने वापरायची नाहीत, असे सांगितले. आपल्या करारातले कलम यांतल्या कोणत्याही नमुन्याशी जुळत नाही.

आता आपल्या हातातल्या खऱ्या हत्याराकडे येतो, ज्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही. आपला उद्योग सूक्ष्म किंवा लघु वर्गात मोडतो का? १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी अशी आहे, तेव्हा आपण तीत बसत असण्याची शक्यता दाट आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर तिची तारीख पाहून ठेवा आणि नसेल तर नवा माल पाठवण्याआधी करून घ्या, कारण नोंदणीपूर्वी दिलेल्या मालाबाबत अडचण येते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिले असले तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्याच कायद्यानुसार माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे मानले जाते. रिजेक्शनची सूचना आपल्याला कोणत्या तारखेला आली ते आजच काढून पाहा.

असा वाद पुरवठादाराला याच कायद्याखाली राज्य सरकारने स्थापन केलेल्या सुविधा परिषदेपुढे नेता येतो. तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर लवादाची कार्यवाही सुरू होते. खरेदीदार देशात कुठेही असला तरी पुरवठादाराच्या ठिकाणच्या परिषदेला अधिकार असतो, आणि तिचा निवाडा रद्द करून मागण्यापूर्वी खरेदीदाराला रकमेच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. करारात वेगळे लवाद कलम असले तरी या कायद्याची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले आहे. परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, एवढे गृहीत धरून चला.

कंपनीला पाठवायचा पर्यायी मजकूर साधारण असा असावा: 'या करारातून यापुढे उद्भवणाऱ्या वादांचा निर्णय दोन्ही पक्षांनी संमतीने नेमलेली एक व्यक्ती लवाद म्हणून करील. तीस दिवसांत संमती न झाल्यास नेमणूक लवाद आणि सलोखा अधिनियमाच्या कलम ११ नुसार होईल. लवादाचे स्थान पुणे राहील. कागदपत्रांची मांडणी, भाषांतर आणि हिशेब यांसाठी लवादास संगणकीय साधने वापरता येतील, परंतु कोणते साधन कशासाठी वापरणार हे दोन्ही पक्षांना आधी लेखी कळवावे लागेल, आणि वस्तुस्थितीचे व कायद्याचे निष्कर्ष लवाद स्वतः काढील. कोणत्याही पक्षाने मागितल्यास एक तोंडी सुनावणी, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, होईल. निवाडा सकारण असेल आणि त्यावर लवादाची स्वाक्षरी असेल. २००६ च्या अधिनियमाखालील पुरवठादाराचे हक्क अबाधित राहतील.' लवादाचे स्थान पुणे लिहिण्याला महत्त्व आहे. दुसऱ्या राज्यातल्या शहराचे नाव पडले, तर निवाड्याविरुद्धचा अर्जही आपल्याला तिकडच्याच न्यायालयात करावा लागेल.

हा मजकूर खरेदी विभागाच्या साहेबांच्या हातात देऊन 'बघा ना जरा' म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यांना तो बदलण्याचा अधिकार नसतो. ईमेलने पाठवा आणि कंपनीच्या कायदा विभागाकडे द्यावा अशी विनंती करा. सूर तक्रारीचा नको. या कलमाखाली कंपनीच्या बाजूने निघालेला निवाडाही न्यायालयात टिकेल का, एवढा एकच प्रश्न आदराने विचारा. चांगला विधी अधिकारी त्यावर थांबतो. कंपनीला घाई हवी असेल तर कायद्यातच कलम २९ब ची जलद प्रक्रिया आहे: सहा महिन्यांत निवाडा, काम बहुतांशी कागदपत्रांवर, पण लवाद संमतीने नेमलेला. तीत तोंडी सुनावणी सर्व पक्षांनी मागितली किंवा लवादाला आवश्यक वाटली तरच होते, म्हणून आपल्यासारख्या वादात ती मी दुसरा पर्याय म्हणून पुढे करीन. आणि यंत्र हवेच असेल तर त्याचे मत बंधनकारक नसलेला पहिला अंदाज म्हणून, तडजोडीच्या बैठकीपूर्वी दोघांनीही वाचावे. त्याला माझी हरकत नाही, उलट रक्कम लहान असेल तेव्हा त्यातून अनेक भांडणे तिथेच मिटू शकतील.

थोरल्या बंधूंची भीती खरी ठरली आणि कंपनीने 'सही करा, नाही तर ऑर्डर नाही' असे सांगितले, तर तो धंद्याचा निर्णय आहे आणि तो आपणच घ्यावा. सही केलीत तरी हरकतीचा ईमेल सहीच्या आधीच्या तारखेचा असू द्या. पुढे वाद उभा राहिला आणि मंचाची नोटीस आली, तर बाजू मांडायला सुरुवात करण्यापूर्वी, उशिरात उशिरा आपले लेखी उत्तर दाखल करताना, या मंचाला अधिकार नाही अशी कलम १६ खालची हरकत नोंदवा. कायद्याचे पालन झालेले नाही हे माहीत असून जो हरकत न घेता कार्यवाहीत भाग घेतो, त्याने हरकतीचा हक्क सोडला असे कलम ४ नुसार मानले जाऊ शकते. नोटिशीचा ईमेल न उघडता पडून राहू देणे हा उपाय नाही. एकतर्फी निवाडा आपल्याला मिळाला की तीन महिन्यांचे घड्याळ सुरू होते.

राहिली चालू डेबिट नोट. करारातल्या 'विद्यमान' या एका शब्दाने तो जुना वादही नव्या यंत्रापुढे जाईल, म्हणून बाकी वाटाघाटी कशाही होवोत, तो शब्द काढल्याशिवाय सही करू नका. त्याआधी त्या लॉटची चलने मागच्या बाजूसह स्कॅन करा, तो आवाजी निरोप मूळ फोनवर जपून ठेवा, फोन बदलायचा बेत असेल तर पुढे ढकला, आणि डेबिट नोट आपल्याला अमान्य असल्याचे पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह पाठवून द्या.